नववीतलं एथ्निक स्टडीज टाळू नका

ताई, तुम्ही विचारलंत की सॅन होजेला आल्यावर लेक नववीत जाईल, तिथल्या शाळेत ‘एथ्निक स्टडीज’ (अमेरिकेतल्या काळ्या, मूळनिवासी, लॅटिनो आणि आशियाई लोकांचा इतिहास) नावाचा विषय आहे, त्याऐवजी कोडिंग घेता येईल का. माझी मुलगी त्यातून गेली आहे, म्हणून ठामपणे सांगते: टाळू नका.

आधी व्यवहाराचं. २०२१ च्या कायद्याने कॅलिफोर्नियात २०३० पासून हायस्कूल पूर्ण करायला हा एका सेमिस्टरचा विषय सक्तीचा होणार होता. पण राज्याने पैसे दिले तरच, अशी अट होती आणि २०२५-२६ च्या बजेटात ते मिळाले नाहीत. त्यामुळे प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, आपलं आपण ठरवते. घर बघण्याआधीच शाळेच्या काउन्सेलरला ईमेल करा.

आता मुद्द्याचं. आपण व्हिसावर येतो आणि आपल्या हुशारीवर आलो असं मानतो. पण हे दार आधी बंद होतं. पंजाबहून आलेले भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरी ‘गोरे’ नाहीत म्हणून १९२३ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने त्यांना नागरिकत्व नाकारलं. १९४६ मध्ये भारतीयांना इथे स्थायिक व्हायला कोटा आला, वर्षाला जेमतेम १०० जणांचा. दार खरं उघडलं ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने, आणि त्यामागे काळ्या लोकांनी रस्त्यावर मार खाऊन लढलेली नागरी हक्कांची चळवळ होती. वर्गात शेजारी बसणाऱ्या काळ्या मुलीच्या आजोबांचे आपल्यावर उपकार आहेत, हे आपल्या मुलांना कळायला नको का? तळेगाव ढमढेरेचे विष्णु गणेश पिंगळे अमेरिकेत शिकायला आले, ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या गदर पक्षात सामील झाले आणि १९१५ मध्ये लाहोरला फासावर गेले. पुण्यात शिकूनही मला हे इथे येऊन कळलं.

सगळं गोड नाही. मुलीच्या शाळेत पूर्ण भारत दोन स्लाइडमध्ये उरकला होता. मी शिक्षिकेला भेटले, थिंडच्या खटल्याची माहिती दिली. पुढच्या आठवड्यात तिने त्यावर अख्खा तास घेतला. अभ्यासक्रम मागून घ्या, वाचा, बोला. बाई चांगल्या असल्या तर विषय फुलतो, नाहीतर नुसत्या घोषणा होतात.

मुलीला एक गृहपाठ होता: घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, गाव का सोडलं? तिने माणमधल्या आजीला व्हिडिओ कॉल लावला. आजी १९७२ च्या दुष्काळावर आली. खडी फोडायला जायची, रेशनवर लाल मिलो (परदेशी ज्वारी) मिळायची, भाकरी थापताना तुटायची. “ती मिलो तुमच्या अमेरिकेचीच गं,” आजी म्हणाली. मुलगी लिहायची थांबली. पंधरा वर्षं मी तिची आजी तिच्यापर्यंत पोचवू शकले नव्हते, ते त्या चाळीस मिनिटांत झालं.

तुमच्या सासूबाई सोबत येणार नाहीत ना? मग निघण्याआधी लेकीला दोन संध्याकाळी त्यांच्याजवळ बसवा, रेकॉर्डिंग करून ठेवा. इकडची सकाळ म्हणजे तिकडची रात्र, नंतर वेळ जुळत नाही.