सीझन आला की व्यायाम सुटतो, त्याचं काय करायचं?

"घट बसले की माझी जिम बंद, ती थेट नव्या वर्षात सुरू. दरवर्षीचं हेच, मॅडम." कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर कापडाचं दुकान असलेले पंचेचाळिशीचे गृहस्थ. रक्तदाबाची एक गोळी सुरू. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दुकानदार असोत, बँकेतले असोत की फराळात बुडालेल्या गृहिणी, दसऱ्याच्या आसपास ही कैफियत माझ्याकडे हमखास येते.

त्यांना आदल्या दिवसाचा हिशेब मांडायला सांगितला. शटर दहाला वर, रात्री साडेदहाला खाली. तास मिळत नाही हे खरंच होतं, पण सकाळी मोबाईलवर पंचवीस मिनिटं जात होती. अडचण वेळेपेक्षा नियमाची होती: तासभर जमलं तर व्यायाम, नाहीतर नाही. एक दिवस बुडाला की "आता गेलंच", मग महिना जातो.

तासाचा हा नियम कुणी घातलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सुचवला आहे. सलग दहा मिनिटं हवीतच, ही जुनी अटही 2020 मध्ये काढून टाकली.

"पण दिवसभर मी उभाच असतो की!" हा युक्तिवाद जवळजवळ सगळेच करतात. ताग्यांपुढे उभं राहून पाय सुजतात, कंबर धरते. हृदयाला काम मिळत नाही. गर्दीतून रेंगाळत केलेल्या खरेदीचंही तेच. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतका दम लागला, तर तो मध्यम व्यायाम.

सीझनपुरतं ठरलं ते असं. आठवड्यातून दोनदा बारा मिनिटं: खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस बारा वेळा, ओट्याला हात टेकून तिरके दंड दहा, टाचा उचलणं पंधरा, मिनिटभर थांबून असे तीन फेरे. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत. ताकद टिकवायला कमी वेळ चालतो, कमी जोर चालत नाही. रक्तदाब असल्यामुळे श्वास रोखायचा नाही, जोर लावताना सोडायचा. उरलेल्या दिवशी दहा मिनिटं झपाझप चालणं. रंकाळ्यापर्यंत जायची गरज नाही, गल्ली पुरते. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबून डॉक्टर.

पहिला आठवडा फसला. त्यांनी वेळ धरली होती दुकान बंद झाल्यावरची. घरी येईतो अंगात त्राण नसायचं आणि समोर तांबडा रस्सा. मग व्यायाम अंघोळीला बांधला: टॉवेल हातात घेतला की आधी बारा मिनिटं. "जमेल तेव्हा करीन" म्हणण्यापेक्षा "अमुक झालं की तमुक" असं ठरवलेलं जास्त टिकतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी याच पद्धतीवर काम केलं आहे. आणि सणात जेवण, झोप सगळं सरकतं, अंघोळ कोण चुकवतो? अपवाद नरकचतुर्दशीचा. तो दिवस, लक्ष्मीपूजन आणि पाडवा आधीच सुट्टीचे लिहून टाकले. लिहून घेतलेली सुट्टी म्हणजे खाडा नव्हे. फटाक्यांचा धूर असेल त्या सकाळी चालणं घरातच, जिन्यावर.

"चार चकल्या जास्त झाल्या, उद्या दुप्पट करतो" हे मात्र त्यांना मोडून काढायला सांगितलं. व्यायाम शिक्षा झाला की माणूस त्याला टाळायला लागतो.

परतीची तारीखही आधीच ठरवली, भाऊबीजेनंतरचा पहिला सोमवार. जिममध्ये पहिला आठवडा निम्मं वजन आणि तीनऐवजी दोन सेट. खंडानंतर जुनंच वजन उचललं की अंगदुखी 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त जाणवते, आणि बुधवारी जिना उतरता येईना म्हणून गुरुवारी माणूस पुन्हा घरी बसतो. त्यांची आधीची दोन वर्षं याच बुधवारी अडकली होती.