पिकअपवर घर बसवताय? आधी किलोंचा हिशेब करा

प्रश्न : वय ५८, येत्या महिन्यात निवृत्त होतोय. सिंहगड रोडला राहतो. आम्हा दोघांना कोकणापासून स्पितीपर्यंत गाडीतच राहून फिरायचं आहे. टोयोटाची वापरलेली हायलक्स पिकअप २२ लाखांत मिळतेय. भोसरीचा एक फॅब्रिकेटर तिच्यावर ८ लाखांत कॅम्पर, म्हणजे राहण्याचा खोका, बसवून देतो म्हणतोय. कॅम्परचं रिकामं वजन ६२० किलो. पीएफमधून ३० लाख काढावेत का?

उत्तर : हौसेच्या खर्चाला ‘परतावा किती’ असं मी विचारणार नाही. नोकरीभर पीएफ कापून घेतला तो कधीतरी खर्च करायलाच. तरीही या सौद्याला माझं उत्तर ‘नाही’ आहे, आणि त्याचं कारण पैशांच्या आधी वजनात आहे.

६२० किलो हे रिकाम्या खोक्याचं वजन. त्यात १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. घरच्या इन्व्हर्टरला असतात तशा दोन ट्युब्युलर बॅटऱ्या धरल्या तर साधारण ११० किलो. भरलेला घरगुती सिलिंडर ३० किलोंच्या आसपास. तुम्ही दोघं मिळून १४० धरू. गाद्या, भांडी, कपडे, हत्यारं ८०. बेरीज झाली १०८० किलो. भारतात विकल्या जाणाऱ्या हायलक्सची भारक्षमता ५०० किलोंच्याही आत आहे. नुसता खोका ठेवला तरी तुम्ही मर्यादा ओलांडलीत, पाण्याचा थेंबही न भरता.

फॅब्रिकेटर म्हणेल, ‘साहेब, मागे स्प्रिंगचे दोन पाटे वाढवून देतो.’ पाटे वाढवले की गाडीचं बूड खाली बसत नाही, एवढंच. चेसिस, मागचा ॲक्सल, ब्रेक, टायर होते तेच राहतात आणि कंपनीने ठरवलेलं एकूण वजनही तेच राहतं. शिवाय कॅम्परचं वजन उंचावर असतं. ताम्हिणीच्या उतारावर, पावसात, वळण घेताना ते काय करेल याचा अंदाज तुम्हाला मी सांगायला नको.

आता कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. मंजुरी नसलेला बदल किंवा जादा वजन निघालं, तर अपघातानंतर दावा नाकारायला विमा कंपनीला आयतं कारण मिळतं. म्हणजे ३० लाखांची गाडी आणि वर समोरच्याची भरपाई, दोन्ही तुमच्या पीएफवर. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन असा वेगळा वर्ग नोंदणीत आहे आणि मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानकही आहे. त्यानुसार मान्यता घेतलेल्या फॅब्रिकेटरकडेच जा. गंमत म्हणजे वाहनांच्या अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आपल्याच पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे.

माझ्या मते तुम्ही मालवाहू पिकअप पाहावी. १.७ टन वाहणारी बोलेरो पिकअप नवी कोरी दहा-अकरा लाखांच्या घरात येते. दिसायला भाजीमंडईतली, रिकामी असताना उसळते. पण तुमची गाडी कधी रिकामी असणारच नाही. फोर-बाय-फोरचा, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीचा, हट्ट कशाला? उन्हाळ्यात स्पितीतल्या काझापर्यंत हिमाचल परिवहनची बस जाते. पिकअप, कॅम्पर आणि मंजुरीचा खर्च धरून २० लाखांत बसवा.

उरलेले १० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. साठी झालेली नसली तरी ५५ नंतर निवृत्त झालेल्यांना त्यात खातं उघडता येतं, फक्त निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून ३ महिन्यांच्या आत. सध्याच्या ८.२ टक्के दराने तिमाहीला २०,५०० रुपये येतील. विमा, टायर, डिझेल त्यातून भागवा. मुद्दलाला हात नको.

पार्किंगचं काय ठरलंय? इमारतीखालच्या पार्किंगची (स्टिल्टची) उंची टेपने मोजा. कॅम्पर आत शिरत नसेल तर बाहेरच्या जागेचं दरमहा भाडं खर्चात धरा. आणि मोठी रक्कम अडकवण्याआधी एखादा तयार कॅरॅव्हॅन आठवडाभर भाड्याने घेऊन दोघंही कोकणात जाऊन या. वहिनींना त्या एवढ्याशा ओट्यावर स्वयंपाक जमतो का, तेही कळेल.

फॅब्रिकेटरशी करार करताना एक अट लेखी घाला : तयार कॅम्पर टाक्या भरून, बॅटऱ्यांसकट वजनकाट्यावर चढवायचा, पुढच्या आणि मागच्या चाकांचं वजन वेगवेगळं घ्यायचं, आणि पावती तुमच्या हातात आल्यावरच शेवटचा हप्ता द्यायचा.