पाइप नवा, तरी पाणी पाझरते

प्रश्न : माझ्या जुन्या ट्रकचा रेडिएटर गळू लागल्यामुळे मी नवा रेडिएटर आणि वरचा-खालचा असे दोन्ही होज पाइप स्वतः बसवले. इंजिन थंड असताना थेंबही गळत नाही. मात्र गाडी तापली की वरच्या पाइपाच्या तोंडाशी पाणी पाझरते आणि रेस वाढवली की खालचा पाइप चपटा होतो. क्लिपा शक्य तितक्या आवळल्या आहेत. रेडिएटरच सदोष असेल का?

उत्तर : रेडिएटरला दोष देण्याआधी पाइपांकडे पाहावे. वरचा पाइप कोणत्या टोकाला पाझरतो हे आपण लिहिलेले नाही, पण माझा संशय इंजिनाच्या बाजूवर आहे, कारण रेडिएटरची तोटी नवी कोरी आहे आणि थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार पाणी सोडणाऱ्या झडपेच्या) घराची तोटी मात्र जुनीच राहिली आहे. ती ॲल्युमिनियमची असेल तर वर्षानुवर्षांच्या गंजाने तिच्यावर पांढरट थर आणि बारीक खड्डे पडतात. थंड असताना रबर ते झाकून घेते, पण पाणी तापून आत दाब चढला की त्यांतूनच वाट काढते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कूलंट (रेडिएटरमधील थंड करणारे द्रव) भांड्यात काढून घ्यावे, पाइप उतरवावा, तोटी बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करावी आणि बोट फिरवून पाहावे. खड्डे खोल असतील तर तो भागच बदलावा. सीलंट फासून वेळ मारून नेण्याच्या मी विरुद्ध आहे.

क्लिप कोठे बसली आहे, हेही पाहावे. तोटीच्या टोकाजवळ एक उंचवट्याची कड असते. क्लिप तिच्या मागे, म्हणजे तोटीच्या बुडाच्या बाजूला हवी. ती कडेवरच चढली असेल तर कितीही आवळली तरी घसरते आणि अति आवळल्याने पट्टी रबरात रुतून पाइप कापला जातो. पाइप चढवताना तोटीला साबणाचे पाणी लावावे, ग्रीस किंवा तेल लावू नये. तेलाने रबर फुगते.

खालच्या पाइपाचे कारण वेगळे आहे. पंप त्या पाइपातून पाणी ओढतो, त्यामुळे वेग वाढला की तेथे ओढ वाढते. म्हणूनच अनेक गाड्यांच्या खालच्या पाइपात तारेची स्प्रिंग असते आणि जुना पाइप टाकून देताना ती त्याच्याबरोबरच जाते. आपला जुना पाइप अजून हाताशी असेल तर तो उभा चिरून आत स्प्रिंग आहे का पाहा; असल्यास नव्या पाइपातही ती हवी. नव्या पाइपात स्प्रिंग असूनही तो चपटा होत असेल, तर रेडिएटरची जाळी कोठे चोंदली आहे का, हे तपासणे योग्य ठरेल. मात्र इंजिन बंद करून थंड होताना पाइप आत ओढला जात असेल, तर रेडिएटरच्या झाकणातील परतीची (निवताना पाणी परत आत घेणारी) झडप अडकलेली असते. तेथे झाकण बदलले की काम भागते.

कूलंट भरताना कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घ्यावे, केबिनचा हीटर असल्यास तो गरमवर ठेवावा आणि झाकण उघडे ठेवून, थंड इंजिन सुरू करून बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरत राहावे. तापलेल्या गाडीचे झाकण मात्र कधीही उघडू नये. पहिल्या फेरीनंतर इंजिन निवले की क्लिपा पुन्हा एकदा, बेताने, आवळाव्यात. नवे रबर तापून थोडे दबते. काढलेले कूलंट उघड्यावर ठेवू नये, कारण ते चवीला गोड असते आणि जनावरांना विषारी ठरते.