तलवार विकायचीय, पण गोष्ट खरी का?

प्रश्न: आजोबांनी युद्धातून आणलेली जपानी तलवार घरात आहे, सगळे म्हणतात ४०० वर्षं जुनी, कुठल्यातरी सामुराईची, आणि मुठीच्या आतल्या दांड्यावर मासामुने असं नाव कोरलंय. विकायचीय, तर ही गोष्ट सांगूनच विकू ना?

उत्तर: गोष्ट जरा बाजूला ठेवा हो, आधी तलवार बघा. मुठीतली बांबूची खुंटी हलकेच ढकलून काढली की मूठ सुटते आणि आतला दांडा दिसतो, त्यालाच नाकागो म्हणतात. त्यावरचा गंज अजिबात घासू नका!! वय ठरवायला तोच गंज बघतात, चकचकीत केलात तर किंमत धाडकन पडते. आणि मासामुने नाव दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, हा जपानचा नावाजलेला तलवारी घडवणारा कारागीर, त्याच्या खऱ्या सह्या फारच दुर्मिळ, खोट्या मात्र शतकानुशतकं कोरल्या गेल्यात, त्याला गिमेई म्हणतात. पण सही खोटी म्हणजे पातं भंगार असंही नाही, पातं चांगलं जुनं असू शकतं. उलट पात्यावरच आकडे ठोकलेले असतील तर बहुतेक १९३५ नंतरची, मशीनवर बनवलेली लष्करी तलवार, मग सामुराई विसरा.

खात्री हवी तर टोकियोच्या एनबीटीएचके या जपानी तलवारी तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र मिळवा, गिऱ्हाईक तेच मागतं. आजोबांची पत्रं, फोटो असतील तर सोबत द्या, पण त्यातनं तलवार त्यांच्याकडे कशी आली तेवढंच कळतं, त्याआधीच्या ४०० वर्षांचं काहीच नाही.