मणक्यातली गाठ: आधी जागा, मग नाव
एमआरआय हातात आला की गाठीचं नाव शोधत बसू नकोस, आधी ड्युरा, म्हणजे मज्जारज्जूभोवतीचं जाड आवरण, शोध. गाठ ड्युराबाहेर असेल तर प्रौढांत पहिला संशय दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरचा. ड्युराच्या आत पण मज्जारज्जूबाहेर असेल तर बहुधा मेनिंजिओमा (आवरणांची गाठ) किंवा श्वानोमा (नसेच्या वेष्टनाची गाठ): रज्जू एका बाजूला ढकललेला, गाठीच्या वर-खाली रज्जूभोवतीच्या पाण्याची (सीएसएफ) जागा रुंदावलेली. ही खूण डोळ्यांत बसव, सर्वांत उपयोगी तीच. रज्जूच्या आतली गाठ त्यालाच फुगवते. ती काढायला रज्जू उघडावा लागतो, म्हणून इथे घाई नको.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:
- फक्त सॅजिटल (बाजूने दिसणारे उभे काप) बघणं. बाजूची गाठ त्यात रज्जू फुगल्यासारखी भासू शकते, अ‍ॅक्सियल (आडवे काप) बघच.
- मणके अंदाजाने मोजणं. गाठ नक्की कोणत्या मणक्यापाशी आहे, तेच मग चुकतं.

रज्जूच्या आतली गाठ एपेंडिमोमा की अ‍ॅस्ट्रोसायटोमा, ते ओळखणं पुढे जमेलच. सध्या तीन कप्पे पक्के कर.