नागीण आणि अँटिबॉडीचा रिपोर्ट

प्रश्न : माझं वय ६४. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या. गेल्या महिन्यात डाव्या बरगडीखाली आग व्हायला लागली, मग पुरळ उठलं. डॉक्टरांनी नागीण सांगितली. मुलाने रक्त तपासून घेतलं, तर कांजिण्यांच्या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी भरपूर! मग नागीण झालीच कशी? डॉक्टर आता लस घ्या म्हणतात, ती कशासाठी? सासूबाई तर म्हणतात, नागिणीच्या पट्ट्याची दोन टोकं जुळली की माणूस वाचत नाही. — एक वाचक, कराड

उत्तर : आधी सासूबाईंची भीती घालवू. टोकं जुळत नाहीत. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षं दडून राहतो. पुढे एखाद्या गाठीतून तो उठतो आणि त्याच तंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. त्या तंतूची हद्द शरीराच्या मध्यरेषेपाशी संपते, म्हणून पट्टा एकाच बाजूला उठतो.

आता रिपोर्ट. तो खोटा नाही. पण त्यात जे मोजलंय, त्यावर नागिणीला आवर बसत नाही. मी मेडिकलच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो. विषाणूपासून आपल्याला कोण वाचवतं, असं तोंडी परीक्षेत विचारलं की बहुतेक मुलं 'अँटिबॉडी' म्हणून मोकळी व्हायची. करोनात तर लोक अँटिबॉडीचे आकडे दहावीच्या टक्क्यांसारखे सांगत होते. टी-पेशींची, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतल्या एका प्रकाराची, चौकशी कोणी करत नव्हतं.

अँटिबॉडी रक्तात आणि पेशींच्या बाहेर फिरते. बाहेरून नव्याने आलेल्या विषाणूला ती अडवते, त्यामुळे कांजिण्या सहसा दुसऱ्यांदा येत नाहीत. पण तुमचा विषाणू बाहेरून आलेलाच नाही. तो पेशीच्या आत होता, आणि तिथे अँटिबॉडीचा हात पोचत नाही.

आतलं ओळखायचं काम टी-पेशीच्या रिसेप्टरचं, म्हणजे तिच्या पृष्ठभागावरच्या ओळख पटवणाऱ्या रेणूचं. आपली जवळपास प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करते आणि एचएलए नावाच्या रेणूवर ठेवून बाहेरच्या बाजूला दाखवत राहते. विषाणूग्रस्त पेशींना मारणाऱ्या, म्हणजे मारेकरी टी-पेशींसाठीचे तुकडे साधारण आठ ते दहा अमिनो आम्लांचे असतात. आत विषाणू शिजत असेल तर त्याचेही तुकडे त्यात येतात. रिसेप्टर तेवढाच तुकडा तपासतो, तोही आपल्याच एचएलएवर मांडलेला असेल तरच. ही अट ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात १९७३च्या सुमारास पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल या संशोधकांना उंदरांवरच्या प्रयोगांत सापडली. एका जातीच्या उंदराच्या टी-पेशी त्याच जातीच्या विषाणूग्रस्त पेशी मारत होत्या. दुसऱ्या जातीच्या पेशींत तोच विषाणू असूनही त्यांना हात लावत नव्हत्या. १९९६ साली दोघांना नोबेल मिळालं. डोहर्टी शिक्षणाने गुरांचे डॉक्टर, हे मी वर्गात मुद्दाम सांगायचो.

हा रिसेप्टर जनुकांच्या तुकड्यांची उलटसुलट जुळवाजुळव होऊन बनतो, म्हणून एका टी-पेशीचा रिसेप्टर दुसरीसारखा क्वचितच असतो. छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत त्यांची परीक्षा होते आणि बहुतेक पेशी तिथेच बाद होऊन मरतात. ही ग्रंथी वयाबरोबर आटत जाते. साठीनंतर नव्या टी-पेशी फार थोड्या तयार होतात, आधी भेटलेला विषाणू लक्षात ठेवणाऱ्या जुन्या स्मृतिपेशींवरच भिस्त असते. कांजिण्यांच्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी उतारवयात कमी पडतात. अँटिबॉडी मात्र बऱ्यापैकी टिकून राहतात, म्हणून तुमचा रिपोर्ट इतका छान आला!

याचा सगळ्यात बोलका पुरावा मला लहान मुलांमध्ये दिसतो. ज्यांच्या शरीरात जन्मतः अँटिबॉडी बनतच नाहीत, अशी मुलंही कांजिण्यांतून सहसा नीट बरी होतात. ज्यांच्या टी-पेशी सदोष असतात, त्यांच्या मात्र याच कांजिण्या जिवावर बेततात. म्हातारपणची नागीण म्हणजे लहानपणच्याच विषाणूचं पुन्हा उठणं, ही मांडणी इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर गावच्या होप-सिम्पसन या साध्या फॅमिली डॉक्टरने १९६५मध्ये केली. हाताशी होत्या त्या स्वतःच्या पेशंटांच्या १६ वर्षांच्या नोंदी. मला या माणसाचं फार कौतुक आहे.

लशीचं उत्तर यातच आलं. भारतात २०२३पासून मिळणाऱ्या लशीत विषाणूचं एकच प्रथिन असतं, जोडीला प्रतिसाद वाढवणारं द्रव्य. अँटिबॉडी तिनेही वाढतात, पण तिचा खरा रोख मदतनीस टी-पेशी, म्हणजे बाकीच्या पेशींना कामाला लावणाऱ्या टी-पेशी, पुन्हा वाढवण्यावर आहे. पन्नाशीपुढच्या लोकांवरच्या मोठ्या चाचणीत, २०१५मध्ये, तिने सुमारे ९७ टक्के संरक्षण दिलं. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण येते. महागही आहे, हे लपवत नाही. नागीण एकदा होऊन गेली तरी पुन्हा होऊ शकते, म्हणून डॉक्टर सांगतात ते बरोबर आहे. पुरळ पूर्ण बरं झाल्यावर कधी घ्यायची, ते त्यांनाच विचारा.

सासूबाईंना एक सांगा. पुढे घरात कोणाला असा एका बाजूचा पट्टा दिसला, तर लेपबिप लावत न बसता ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठायचे. विषाणूवरच्या गोळ्यांचा उपयोग तेव्हाच सगळ्यात जास्त होतो. डोळ्याजवळ पुरळ असेल तर त्याच दिवशी जायचं. ज्या मुलांना कांजिण्या आल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, त्यांना फोडांवर खपली धरेपर्यंत दूर ठेवायचं, कारण फोडातल्या पाण्यातून त्यांना कांजिण्या होऊ शकतात. आणि चिरंजीवांना म्हणावं, लशीनंतर पुन्हा अँटिबॉडी तपासायला पैसे घालवू नकोस.