इलेक्ट्रिक छोटा हत्ती घेताय? आधी रोजची धाव मोजा

किमतीचं नंतर बघू. गाडी रोज किती धावते आणि रात्री कुठे उभी राहते, हे आधी सांगा. टाटा एस ईव्हीची २१.३ युनिटची बॅटरी, कागदावर रेंज १५४ किलोमीटर. भरल्या गाडीला तुम्ही १०० धरून चाला. वीज १० रुपये युनिट पडली, तर चार्जिंगमधली गळती धरूनही किलोमीटरला अडीच रुपयांच्या आत भागतं. डिझेल ९० रुपये आणि १८चं अ‍ॅव्हरेज धरलं तर पाच रुपये. रोज ८० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे साठ हजार तरी वाचतात. हप्त्यातला फरक या आकड्याशी ताडून बघा. रोजची धाव तीसच असेल तर घेऊ नका, स्पष्ट सांगतो.

माल कोणता, तेही महत्त्वाचं. या मॉडेलवर ६०० किलोच, म्हणजे पन्नास किलोच्या बाराच गोण्या. जास्त वजन असेल तर एक टनाचं एस ईव्ही १००० बघा. किराणा, दूध, पार्सल अशा शहरातल्या फेऱ्यांना ही गाडी सोन्यासारखी. नाशिकहून कांदा घेऊन वाशी गाठायची असेल तर डिझेलच ठेवा. आणि रात्री चार्जिंगला स्वतःची जागा नसेल, तर ती सोय झाल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नका.